धुऱ्यावरच्या अंबाडीच्या बोंडांचे मफिन, ओव्हन असो की नसो

दिवाळी झाली की आमच्या वर्धा-यवतमाळच्या पट्ट्यात धुऱ्याधुऱ्यानं, म्हणजे वावराच्या बांधाबांधावर, अंबाडी लाल होऊन उभी असते, पऱ्हाटीच्या म्हणजे कपाशीच्या आणि तुरीच्या मधात पण कुठं कुठं असते, थोडी बोंडं चटणीला जातात, थोडी सरबताला, आणि बाकीची जागच्या जागी वाळून जातात. आणि नेमकं त्याच दिवसांत घरातली पोरं मोबाईलवर मफिनचे व्हिडिओ बघून ब्लूबेरी आणा, स्ट्रॉबेरी आणा म्हणत असतात. तालुक्याच्या गावात तरी कुठं मिळते ती ब्लूबेरी, आणि मिळाली तर परवडते का. माझं म्हणणं एकच आहे, फळाच्या मफिनला जी आंबट चव लागते ती आपल्या वावरात फुकट उभी आहे, फक्त ती आंबट गोष्ट पिठात कशी घालायची हे नीट समजून घ्यायला पाहिजे. तेवढंच इथं सगळं लिहून ठेवते.

बाहेरच्या देशात रुबार्ब नावाचं एक झाड असतं, थंड हवेतलं, वसंतात त्याचे लाल-हिरवे देठ निघतात आणि ते देठ साखरेत शिजवून मफिनमध्ये, पाय नावाच्या गोड पदार्थात घालतात. फळ नाहीच ते, देठ आहे, पण आंबट असतं म्हणून फळासारखं वापरतात. त्याची पानं मात्र विषारी, त्यात ऑक्झॅलिक अ‍ॅसिड भरपूर असतं म्हणून कोणी खात नाही. आपल्या अंबाडीचं त्याच्यापेक्षा बरं, पानाची भाजी कण्या घालून खा, भाकरीच्या पिठात मळून खा, आणि बोंडं आली की ती पण खा. रुबार्बची कोणतीही मफिनची रेसिपी तुम्हाला दिसली तर तिथं अंबाडीची बोंडं बिनधास्त चालतात, फक्त वजनानं थोडी कमी घ्या, पाऊण भाग धरा, कारण आपली बोंडं जास्त आंबट लागतात.

आता बोंडं कोणती घ्यायची. अंबाडीचे दोन प्रकार असतात हे गावाकडच्या माणसाला सांगायला नको, पण शहरातून कोणी वाचत असेल तर सांगते, एक असते वाख काढायची, दोरासाठीची, तिच्या बोंडाला गर नसतो, ती कामाची नाही. आपल्याला पाहिजे ती जाड पाकळीची गडद लाल बोंडाची. फूल एकच दिवस उमलतं, मग गळतं आणि त्याच्या बुडाचा लाल भाग फुगत जातो, तोच आपण घेतो. दाबून बघा, करकरीत मोडला पाहिजे. बोंड वाळून टोकं काळपट झाली असतील, आतलं बी तडकून दिसत असेल तर ते मफिनला घेऊ नका, चिवट लागतं. सकाळी तोडलेलं सगळ्यात चांगलं, दव उडालं की लगेच.

बी काढायचं काम जरा किचकट आहे आणि इथंच लोक कंटाळतात. बुडाचा देठाकडचा भाग सुरीनं गोल कापायचा, अगदी थोडाच, आणि मग खालून बोटानं दाबलं की आतली हिरवी गोटी वरून बाहेर येते आणि लाल पाकळ्या हातात राहतात. त्या हिरव्या गोटीवर बारीक लव असते, ती बोटाला टोचते, खाजते पण, म्हणून हात ओले ठेवून काम करा आणि सगळं झाल्यावर पाकळ्या दोन-तीन पाण्यांतून धुवा, लव राहिली तर खाताना घशाला लागते. दुपारी दोघी-तिघी गप्पा मारत बसल्या तर टोपलीभर निघतात. पाव किलो अख्ख्या बोंडांतून साधारण अर्ध्या वजनाच्या पाकळ्या हाती येतात, एका घाण्याला तेवढं पुरतं.

आता सामान. आठ ते दहा मफिन होतात एवढ्या मापात.

मैदा २०० ग्रॅम, म्हणजे दीड कप, चहाचे कप नाहीत, मापाचे. साखर १३० ग्रॅम पिठासाठी आणि ५० ग्रॅम वेगळी, बोंडांसाठी. घट्ट दही १५० ग्रॅम, घरचंच, फार जुनं आंबट नको. तेल ८० मिली, वासाचं नको, म्हणजे घाण्यावर काढलेलं शेंगदाणा तेल किंवा जवस तेल नको, सोयाबीन किंवा सूर्यफुलाचं चालतं. अंडं १, खात नसाल तर त्याच्या जागी ५० मिली दूध. वरून लागलं तर दोन-तीन चमचे दूध अजून. बेकिंग पावडर दीड छोटा चमचा, खायचा सोडा पाव छोटा चमचा, मीठ पाव छोटा चमचा. निवडलेल्या, चिरलेल्या बोंडाच्या पाकळ्या १२० ग्रॅम. एका संत्र्याची किसलेली साल. वेलची नको, खरंच नको, अंबाडीवर वेलची घातली की दोन्हीची चव मरते. व्हॅनिला असेल तर चार थेंब, नसला तरी काही अडत नाही.

संत्र्याचं थोडं सांगते कारण मला ते फार महत्त्वाचं वाटतं. अंबाडीची बोंडं येतात तेव्हाच आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्यात येणारी संत्री निघालेली असतात, वरुड, मोर्शी, काटोल, नरखेड सगळीकडे, आणि बाजारात स्वस्त असतात. अंबाडीचा आंबटपणा एकदम जिभेच्या टोकावर येतो आणि निघून जातो, मागं काही उरत नाही, संत्र्याच्या सालीचं तेल तो वास मागं धरून ठेवतं. साल किसताना वरचा नारिंगी भागच किसायचा, पांढरा गेला की कडू होतं. संत्रं आधी कोमट पाण्यात चोळून धुवा, फवारणीचं काय काय असतं वरती. संत्र्याचा रस मात्र पिठात घालू नका, दही आहे, बोंडं आहेत, आंबट पुष्कळ झालं.

पहिलं काम बोंडांचं, आणि ते मफिन करायच्या तासभर आधी करायचं. पाकळ्या बोटाच्या पेराएवढ्या चिरा, फार बारीक केल्या तर पिठात दिसतच नाहीत. त्यावर ५० ग्रॅम साखर टाकून अर्धा तास ठेवा, लाल पाणी सुटतं. मग स्टीलच्या भांड्यात मंद आचेवर तीन-चार मिनिटं ठेवा, पाकळ्या मऊ पडून लवल्या की लगेच उतरवा. पुढे गेलं की जॅम होतो, अंबाडीत पेक्टिन भरपूर असतं म्हणून बाहेरून काही न घालता ती घट्ट होते, जॅमला ते छान पण मफिनला आपल्याला तुकडे पाहिजेत. भांडं स्टीलचंच घ्या, जर्मनचं म्हणजे अल्युमिनियमचं नको, लोखंडी कढई तर अजिबात नको, आंबट त्याला लागतं आणि लाल रंग काळपट होऊन जातो. थंड झाल्यावर चाळणीत निथळायला ठेवा. खाली जो लाल रस पडतो तो फेकायचा नाही, थंड पाणी घालून चिमूटभर मीठ टाकलं की सरबत तयार, ते पोरांना द्या म्हणजे मफिन होईपर्यंत ते तुमच्या मागं मागं करत नाहीत.

कोणी म्हणेल कच्चीच बोंडं का नाही टाकायची, रुबार्ब तर कच्चाच चिरून टाकतात. रुबार्बचा देठ भट्टीत विरघळून मऊ होतो, अंबाडीची पाकळी तशी होत नाही, वीस मिनिटांत ती अर्धवट शिजते आणि चामट लागते, आणि वर पाणी सोडते ते वेगळंच, मग मफिनच्या मधात ओला गचका राहतो. म्हणून हे साखरेत मुरवणं आणि थोडं शिजवणं टाळू नका.

आता सोड्याची गोष्ट, ही नीट वाचा. अंबाडीचा लाल रंग आंबटात लाल राहतो आणि सोड्यासारखा खार लागला की निळसर, राखाडी, कधी हिरवट पण होतो. बघायचंच असेल तर दोन चमचे रस वाटीत घेऊन त्यात चिमूटभर सोडा टाका, डोळ्यांसमोर रंग बदलतो, पोरांना दाखवायला मजेदार आहे. पण मफिन फोडल्यावर बोंडाच्या भोवती तसलं राखाडी कडं दिसलं की माणसाला वाटतं खराब झालं. खराब नसतं, खाल्लं तर काही होत नाही, पण दिसायला वाईट. म्हणून सोडा पाव चमच्यापेक्षा जास्त नाही, फुगायचं मुख्य काम बेकिंग पावडरवर सोडायचं, आणि मैद्यातला सोडा आधी दह्यात मिसळू द्यायचा, दह्याच्या आंबटात तो बराचसा संपतो, बोंडं अगदी शेवटी. जास्त फुगावं म्हणून सोडा वाढवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा, रंग पण जातो आणि साबणासारखी चव पण येते.

पीठ कालवायची रीत सोपी आहे पण घाईची आहे. आधी भट्टी तापायला ठेवा, ती कशी ते खाली सांगते, कारण पीठ कालवून झाल्यावर ते वाट बघत ठेवता येत नाही. एका कोपरात, म्हणजे परातीत, मैदा, बेकिंग पावडर, सोडा, मीठ दोनदा चाळून घ्या. दुसऱ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, दही, साखर, तेल, अंडं किंवा दूध आणि संत्र्याची साल चांगलं फेटा, साखर विरघळेपर्यंत फेटा, इथं जेवढा हात चालवायचा तेवढा चालवा. मग ओलं कोरड्यात ओता आणि आता हात आवरा. उलथन्यानं खालून वर, खालून वर, दहा-बारा वेळा बस, कोरडा मैदा दिसायचा बंद झाला की थांबा. गुठळ्या राहतात, राहू द्या. भज्याच्या पिठासारखं फेटत बसलं की मैद्याला चिवटपणा येतो, मफिन वरून टोकदार निघतात आणि आत लांब लांब भोकं पडतात, आणि चावताना पावासारखे ओढले जातात. पीठ घट्ट पाहिजे, चमच्यातून धबकन पडलं पाहिजे, धार लागली तर पातळ झालं. फारच घट्ट असेल तर ते राखून ठेवलेलं दूध चमच्या-चमच्यानं. शेवटी निथळलेली बोंडं घालून दोन-तीन वेळाच फिरवा, थोडी वरून घालायला बाजूला ठेवा.

कणकेचे करायचे असतील तर होतात, चांगले होतात, पण अर्धी कणीक अर्धा मैदा घ्या. कणीक पाणी जास्त पिते, म्हणून कणीक आधी दह्यात आणि दोन चमचे जास्तीच्या दुधात वीस मिनिटं भिजू द्या, बेकिंग पावडर आणि सोडा नंतर मैद्याबरोबर जाईल. ज्वारीचं पीठ पाव हिश्श्यापर्यंत चालतं, त्याच्यावर गेलं की मफिन हातातच भुगा होतो कारण त्यात धरून ठेवणारं काही नाही. साखरेऐवजी गूळ घातला तर चव फार चांगली लागते, मला स्वतःला तोच आवडतो, फक्त लाल रंगाची आशा सोडा, सगळं तपकिरीच दिसतं. गूळ किसून दह्यात विरघळवा, गरम दुधात टाकू नका, फाटतं.

वरून घालायला भुरभुर लागते. परदेशी लोक लोणी-साखरेची करतात, आपण जवस घालू. तीन चमचे मैदा, दोन चमचे साखर, एक मोठा चमचा भाजून जाडसर कुटलेला जवस आणि घट्ट तूप दीड चमचा, बोटांनी चोळून रवाळ करायचं. जवसाची चटणी तर आपल्याकडे घरोघरी असतेच, चटणीसाठी भाजाल तेव्हा तिखट-मीठ घालायच्या आधी मूठभर बाजूला काढून ठेवा. जवसाचा तो भाजका वास अंबाडीवर इतका शोभतो की एकदा घातल्यावर तुम्ही विना भुरभुरीचे करणार नाही. तीळ पण चालतात, संक्रांत जवळ असेल तर तीळच घरात असतात, ते न भाजता घाला, वर असल्यामुळे आपोआप भाजले जातात.

आता भट्टी. ओटीजी, म्हणजे विजेवरचं छोटं ओव्हन असेल तर १८० डिग्रीवर दहा मिनिटं आधी तापवा, मधल्या जाळीवर वीस ते बावीस मिनिटं. पण आमच्याकडे लाईनचा भरवसा नाही, मधातच गेली की पीठ बसून जातं, म्हणून मी गॅसवर गंजात करायचंच सांगेन. जाड बुडाचा मोठा गंज किंवा जुना कुकर घ्या. कुकर असेल तर शिटी आणि रबर दोन्ही काढून ठेवायचं, हे विसरायचं नाही, पाणी नसलेल्या कुकरला शिटी लावून ठेवणं धोक्याचं आहे आणि रबर तर जळूनच जातं. बुडात बोटभर जाड मीठ पसरा, त्यावर स्टँड किंवा उलटी ताटली ठेवा, झाकण लावून मध्यम आचेवर दहा ते बारा मिनिटं तापवा. हे मीठ पुन्हा पुन्हा भट्टीलाच वापरता येतं, डब्यात भरून वेगळं ठेवा, स्वयंपाकात घेऊ नका.

मफिनचा साचा आणायची काही गरज नाही. घरातल्या स्टीलच्या छोट्या वाट्या घ्या, आतून तेल लावून मैदा भुरभुरवा आणि उलट्या करून झटका. कागदी कप मिळत असतील तर ते वाटीत बसवा, नुसता कागद पिठाच्या वजनानं पसरतो. दोन तृतीयांश भरा, काठापर्यंत भरलं तर ऊतू जातं. वर दोन-दोन बोंडाचे तुकडे आणि चमचाभर भुरभुर, हलकीच दाबा. गंजात एका वेळी चार-पाच वाट्याच बसतात, त्यांच्या मधात बोटभर जागा राहू द्या, गरम हवा फिरली पाहिजे. मग दुसऱ्या घाण्याचं पीठ थांबतं, त्याला इलाज असा की कोरडं आणि ओलं दोन्हीचे अर्धे-अर्धे भाग करून ठेवा आणि दुसरा भाग पहिला घाणा उतरायच्या वेळी कालवा.

आच मंद ते मध्यमच्या मधात. झाकणाला आतून वाफ धरते आणि तिचे थेंब मफिनवर पडून वर खड्डे होतात, म्हणून झाकणाला कोरडं सुती फडकं बांधा, टोकं वरच्या बाजूला गाठ मारून, खाली लोंबली तर पेट घेतील. पहिली अठरा मिनिटं झाकण उघडायचं नाही, पोरं कितीही म्हणोत. मग बघा, पंचवीस ते तीस मिनिटांत होतात. सुरीचं टोक मधात घालून काढलं की कोरडं आलं पाहिजे, बोंडाचा लाल रस लागलेला चालतो, पांढरं पीठ लागलेलं नाही, दोन्हीतला फरक बघूनच कळतो. गंजात वरून लालसर रंग कमी येतो कारण उष्णता खालून असते, त्याची काळजी करू नका, रंगाची वाट पाहत बसलात तर बूड जळतं.

चुलीवर करायचं असेल तर जाळ नको, निखारेच पाहिजेत. स्वयंपाक झाल्यावर चुलीत जे निखारे उरतात त्यावर गंज ठेवा आणि झाकणावर पण निखारे ठेवा, मग फडकं बांधायचं नाही अर्थातच. पऱ्हाटीच्या काड्यांचे निखारे लवकर विझतात, बाभळीचे टिकतात. चुलीवरच्याला वरूनही उष्णता मिळते म्हणून डोक्यावर छान रंग येतो, गॅसवर तसा येत नाही, पण आच हातात राहत नाही, पंधरा मिनिटांपासूनच वास घेत राहावं लागतं.

झाल्यावर वाट्या सांडशीनं बाहेर काढून पाच-सात मिनिटं तशाच ठेवा, मग कडेनं सुरी फिरवून मफिन काढा. गरमागरम वाटीतून ओढले की बूड वाटीतच राहतं. आणि वाटीतच गार होऊ दिले तर खालून घाम येऊन ओले होतात, म्हणून पाच-सात मिनिटं, जास्त नाही. जाळीवर किंवा सुपात पूर्ण गार होऊ द्या. खरी चव गार झाल्यावरच कळते, गरम असताना नुसता आंबटपणा पुढं पुढं करतो, तासाभरानं साखर आणि आंबट एकमेकात बसतात.

थंडीच्या दिवसांत झाकणाच्या डब्यात दोन दिवस बाहेर राहतात, त्याच्या पुढं नको, ओल्या फळाचं आहे, बुरशी धरते. फ्रीजमध्ये चार-पाच दिवस, खायच्या आधी तव्यावर झाकण ठेवून दोन मिनिटं गरम करा.

बोंडांचा बहार डिसेंबरच्या पुढं सरत जातो. तेव्हा ज्या पाकळ्या उरतात त्या सावलीत वाळवा, पातळ कपड्याखाली, उन्हात रंग उडतो. कडकडीत वाळल्या की काचेच्या बरणीत भरा, वर्षभर राहतात. मफिन करायचे तेव्हा ४० ग्रॅम वाळलेल्या पाकळ्या कढत पाण्यात वीस मिनिटं भिजवा, पिळून चिरा, मग तसंच साखरेत मुरवून शिजवा. ओल्याइतक्या रसदार होत नाहीत, म्हणून पिठात चमचाभर दूध जास्त. आणि एप्रिलमध्ये कैरी आली की तिच्या छोट्या फोडी याच रीतीनं साखरेत मुरवून वापरता येतात, फक्त कैरीला जास्त पाणी सुटतं, चांगलं निथळून घ्या, आणि त्यात संत्र्याच्या सालीऐवजी थोडी भाजलेली बडीशेप कुटून घाला.